एक श्वास जास्तीचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी १४६/८८.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की रोज रक्तदाब लिहायचा आणि खाली एका ओळीत त्या दिवशी काय घडलं तेही लिहायचं, म्हणजे कशाने वाढतो ते कळेल. एका ओळीत आटपायची सवय मला कधीच नव्हती. शाळेत सिस्टर माझ्या निबंधाखाली तांबड्या शाईने एवढंच लिहायच्या, 'पुरे'.

तर काल खडखडभाऊजी आले होते. खरं नाव त्यांचं त्यांनाही आता आठवावं लागतं. आमच्या शनिवार ऑर्केस्ट्रात ते ड्रम वाजवायचे, आता बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या करून देतात. टपाल कर्मचाऱ्यांच्या हॉलला पंच्याहत्तर वर्षं होताहेत, पंधरा मार्चला संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम आहे, आणि जुन्या लोकांनी एकच मागणी केली आहे म्हणे. वहिनींनी 'पायरीवरचं ऊन' म्हणायचं.

मी नाही म्हटलं. चहा दिला आणि पुन्हा नाही म्हटलं.

त्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं दर शनिवारी गायले. दिवसा मुख्य कार्यालयात टंकलेखन आणि शनिवारी संध्याकाळी गाणं. हे दिवसा पत्रांची वर्गवारी करायचे आणि शनिवारी अकॉर्डियन वाजवायचे. फलकावर माझ्या फोटोखाली एकच शब्द असायचा, 'हुबेहूब'. तो शब्द मी मिळवलेला होता. बाईंनी (मूळ गाणं ज्यांचं, त्यांना मी मनात बाईच म्हणते) जिथे हरकत घेतली तिथे मी घेतली, जिथे श्वास घेतला तिथेच घेतला. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि तबकडी लागली आहे असं समजायचे. हे मला 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणून चिडवायचे. म्हणायचे, मूळ कागदावर माशी चिकटलेली असली तर ही नकलेवरही एक माशी मारून चिकटवेल. मला त्यात चिडण्यासारखं काही वाटायचं नाही. चांगल्या टंकलेखिकेने तेच करायला हवं.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून गायले नाही. आणि आता आवाज खाली बसलाय, काळी पाचमध्ये वरचा सूर लागत नाही. हुबेहूब होणार नसेल तर कशाला उभं राहायचं?

गावंसं वाटत नाही असं मात्र नाही. हे फक्त इथे लिहिते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

१५२/९०.

कारण चष्मिस. खडखडभाऊजींनी तिला पाठवली. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते, वन्संचा नवा चष्मा तिनेच बसवून दिला होता. तिचा स्वतःचा चष्मा एवढा मोठा की मागे मुलगी आहे हे नंतर कळतं. कीबोर्ड वाजवते. हॉलच्या कार्यक्रमासाठी चार जण तिनेच जमवलेत.

आली ती सरळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, काकू, पट्टी उतरवून गाऊ या ना. काळी तीन घेऊ. मी म्हटलं, मग ते बाईंचं गाणं राहणार नाही. ती म्हणाली, नकोच राहू दे, तुमचं होऊ दे, त्याला कव्हर म्हणतात. मी म्हटलं, कव्हर मला ठाऊक आहे, शाळेत दर जूनमध्ये सगळ्या वह्यांना मीच घालायचे, चारही कोपरे सरळ. त्यावर तिने विचारलं, मग आतलं पुस्तक बदलायचं का? मला लगेच उत्तर सुचलं नाही. म्हणून दाब.

शाळेत प्रार्थना शिकवताना कुणी स्वतःची एक तान घातली की सिस्टर पियानोचं झाकण बंद करायच्या. देवाला सुधारणा पाठवायच्या नसतात, म्हणायच्या. हे उत्तर मला ती गेल्यावर सुचलं.

वन्सं आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण जे ऐकायचं नसतं ते उजव्याने स्वच्छ येतं. बाहेर येऊन म्हणाल्या, पोरगी बरोबर बोलत होती. चुकीचं नाव घेऊन बरोबर बोलत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

दाब घ्यायचा राहिला.

चष्मिसने माझ्या फोनवर 'पायरीवरचं ऊन'ची लोकांनी म्हटलेली निरनिराळी रूपं पाठवली. सात आहेत. मला कल्पनाच नव्हती. लहान मुलांच्या एका गटाने टाळ्यांवर म्हटलंय, ते गोड आहे, पण शेवटी एक मुलगा शिंकतो. एका बाईने इतक्या ताना घातल्यात की मूळ गाणं मोलकरणीसारखं मागून धावत येतं.

आणि एक कुणीतरी पुरुष आहे. वयस्कर असावा. सोबत नुसती गिटार, तीही अधूनमधून. घोगरा आवाज, सूर काठावरून चालल्यासारखा. उगाच गातो. एका बाईचं गाणं त्याने कशाला म्हणायचं? 'दार उघडं, खिडकी उघडी, वाट झाडून ठेवली', हे असं म्हणतो की जणू झाडू अजून त्याच्या हातात आहे.

त्याला एक सूर धड लागत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

१४२/८६.

मटार सोलताना त्या माणसाचं पुन्हा ऐकलं. एकंदर चार वेळा. सूर खरोखरच लागत नाही ना, याची खात्री करायला.

वन्सं म्हणाल्या, तो बिचारा दमला असेल आता, त्याला पाणी दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

१३८/८४.

आज वन्सं आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं आणि काळी तीनमध्ये म्हणून पाहिलं. ह्यांच्या जुन्या सूरपेटीवरून सूर घेतला. सहा वर्षांनी तोंड उघडल्यावर पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला, पण तो माझ्या ओळखीचा नव्हता. जाडसर, थोडा खरखरीत, धुतलेल्या घोंगडीसारखा. वरचा सूर आता चढ राहिला नव्हता, पायरी झाली होती. तिथे पाय टेकवता येत होता.

वन्सं न्हाणीघरातून ओरडल्या, कोण आलंय?

मी म्हटलं, कुणी नाही, मीच.

थोडा वेळ पाण्याचा आवाजही आला नाही. मग म्हणाल्या, बस म्हणावं तिला, आलेच मी.

संध्याकाळी खडखडभाऊजींना कळवलं की मी गाईन. अट एकच. पट्टी उतरवली आहे, तेवढी सूट पुरे. बाकी मात्रा न् मात्रा मूळ गाण्याप्रमाणे. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं वहिनी, आणि फोनवरच नाक शिंकरलं. सर्दी झाली असावी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हॉलमध्ये पहिला सराव. आत शिरल्यावर तोच वास, फरशीच्या पॉलिशचा आणि डिंकाचा. खुर्च्यांच्या पाठीवर अजून ते आकडे आहेत, टपालाच्या शिक्क्याने मारलेले. व्यासपीठ मला आठवत होतं त्याहून बुटकं निघालं. माझ्या डाव्या हाताला ह्यांची खुर्ची असायची. आता तिथे पंखा ठेवलाय.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. खडखडभाऊजींचे हात किल्ल्या कापून कापून जड झालेत, पण ठेका पक्का. मग 'पायरीवर ऊन आलं' म्हटलं, आणि पुढची ओळ 'तू अजून नाही' म्हणायच्या आत चष्मिसचा कीबोर्ड पुढे निघून गेलेला. मी थांबवलं. म्हटलं, तू घाई करतेस. पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तिला जरा टाकून बोलले, की नंबर तपासतेस ना, मग मात्रा मोजता येत नाहीत का?

ती लाल झाली. म्हणाली, काकू, तिथे थांबायचं नाहीये. मी म्हटलं, आहे, एका श्वासाएवढं. बावीस वर्षं थांबलेय मी तिथे. तिने फोनवर मूळ गाणं लावलं.

बाई थांबत नाहीत.

'पायरीवर ऊन आलं तू अजून नाही.' एका दमात. खट्याळ, रागावलेली, ओढणीचा शेव झटकून निघून जावं तशी. पुन्हा लावायला सांगितलं. थांबत नाहीत.

मी पर्स उचलली आणि घरी आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

१६०/९४.

हजारच्या वर शनिवार. प्रत्येक शनिवारी एकदा, कधी फर्माईश आली तर दोनदा. फलकावर 'हुबेहूब', आणि बरोबर मधोमध एक चूक. हजार पानं टंकून प्रत्येक पानावर तेच अक्षर चुकावं आणि कुणी सांगू नये.

मला कधी कळलं कसं नाही? आज सगळी दुपार याचाच विचार केला. सुरुवातीला तबकडीवरून शिकले तेव्हा नक्की बरोबर शिकले असणार. नंतर मूळ गाणं ऐकलंच नाही. रेडिओवर लागलं की हे उठून बटण फिरवायचे. शनिवारी गायचं ते आठवड्यात ऐकलं की कान विटतो, असा त्यांचा नियम होता. इतर गाण्यांना का कोण जाणे, तो नियम नव्हता.

खडखडभाऊजींना निरोप पाठवला की मी गाणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

१५०/९०.

निरोपाला उत्तर नाही म्हणून स्वतःच दुकानात गेले. खडखडभाऊजी एक किल्ली घासत होते. मी विचारलं, तुम्ही ड्रमवर होता, तुम्हाला ठाऊक असणार. मग मला कधी सांगितलं का नाही?

म्हणाले, ठाऊक होतं की. पण मला वाटायचं, ते तुम्हा दोघांचं आपसात ठरलेलं आहे. नवराबायकोच्या मधे ड्रम कशाला वाजवा?

मी म्हटलं, काहीही ठरलेलं नव्हतं. फसवणूक आहे ही. फलकावर हुबेहूब लिहून लोकांना भलतंच ऐकवलं.

त्यांनी किल्ली उजेडात धरली. "वहिनी, किल्लीची नक्कल हुबेहूब लागते, कारण कुलूप एकच असतं. आपल्या हॉलमध्ये तीनशे माणसं बसायची. एका किल्लीने उघडली असती का सगळी?"

मी म्हटलं, तुम्ही किल्ल्या करा. त्यांनी ती किल्ली मला दिली. आमच्याच मागच्या दाराची होती, वन्संनी महिन्यापूर्वी टाकलेली. घरी येऊन लावून पाहिली. लागत नाही. कुलपाची गोष्ट करणाऱ्यांनी आधी कुलूप उघडून दाखवावं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

१४४/८८.

ठरवलं. गाणार. पण बरोबर गाणार. चूक कळल्यावर ती दुरुस्त न करता पान पुढे पाठवायचं, हे मला कार्यालयातही जमलं नाही. एकदाच का होईना, त्या हॉलमध्ये ते गाणं बाईंनी म्हटलं तसं होऊ दे.

चष्मिसला सांगितलं तर तिला आनंद व्हायला हवा होता. तिचंच खरं ठरलं ना. पण ती चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, मूळ गाण्यातली ती मुलगी चिडलीय, काकू. तुमच्यातली वाट बघतेय. मला तुमचं ऐकल्यावर पहिल्यांदा ते ऊन दिसलं.

मी म्हटलं, ऊन दिसायला तिथे थांबायची गरज नाही, खिडकी उघड.

पण शब्द लक्षात राहिलेत, म्हणून लिहिले.

२ मार्च, रविवार

१४०/८६.

रोज वीस वेळा ती ओळ म्हणते. बोटांनी टेबलावर ठोके देत, टंकयंत्रावर शिकले होते तसे. वीसपैकी अकरा वेळा थांबते. जीभ पुढे जाते आणि आतून कुणीतरी पदर धरतं.

आज बाराव्या वेळी वन्सं काठी आपटत आल्या. म्हणाल्या, अगं, कशाला छळतेस स्वतःला? ते थांबणं तुझं नव्हेच. त्याच्या पेटीचं आहे.

पलंगाखालून अकॉर्डियन काढायला लावलं. सहा वर्षांनी ती पेटी उघडली. भात्याच्या एका घडीवर चामड्याचं ठिगळ आहे, बारीक टाक्यांचं. ठिगळ मी पाहिलं होतं, विचारलं कधी नव्हतं. वन्सं हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणावर होत्या, टाका त्यांचाच. त्यांनी सांगितलं ते असं. पेटी जुनी घेतलेली, भात्यातून हवा जायची. लांब ओळ असली की मधेच भाता रिकामा व्हायचा. 'ऊन आलं'पाशी नेमका संपायचा, म्हणून तो एक श्वास थांबून भाता पुन्हा भरायचा. फुस्स असा आवाज यायचा. आणि तू त्याच्यासाठी थांबायचीस.

मला तो फुस्स आठवला. चांगलाच आठवला. लोकांनी हसू नये म्हणून मी त्या वेळी हात हलवायचे.

एवढा जीव हलका झाला की काय सांगू. चूक माझी नव्हतीच, फटीची होती. मी वन्संना म्हटलं, म्हणजे बावीस वर्षं ती फट होती आणि ह्यांनी पेटी बदलली नाही?

वन्सं म्हणाल्या, "बावीस कसली? दुसऱ्याच वर्षी शिवून दिली मी. त्यानंतर तिच्यातून मुंगीचा श्वास गेला नाही."

मी म्हटलं, मग हे पुढे का थांबत राहिले?

वन्संनी चष्मा काढला, पुसला, आणि डाव्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, काय म्हणालीस, ऐकू आलं नाही.

सवय लागली असणार. टपालातली माणसं सवयीची असतात. हे तर बदली झाल्यावरही वर्षभर जुन्याच टेबलापाशी जाऊन उभे राहायचे.

९ मार्च, रविवार

१३६/८४.

आता वीसपैकी सतरा वेळा बरोबर जातं.

सरावाला हॉलमध्ये जुने फोटो लावलेत. आमचा एक आहे, व्यासपीठावरचा. मी लोकांकडे पाहतेय, तोंड मिटलेलं, एक हात हवेत. ह्यांचा भाता पूर्ण उघडलेला, आणि हे बोटांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघताहेत. कॉलरची डावी बाजू आत दुमडलेली. घरातून निघताना मी नीट केली होती, तरी.

चष्मिस त्या फोटोसमोर खूप वेळ उभी होती. विचारलं, काकू, हा कुठल्या ओळीला काढलाय? मी म्हटलं, मला काय ठाऊक, माझं लक्ष समोर असायचं. ह्यांना माझ्याकडे असं पाहायची खोड होती, बहुतेक माझा श्वास पुरतोय का ते बघत असावेत.

ती म्हणाली, हो, तेच असणार. आणि उगाच माझा हात धरला. तिचे हात नेहमी गार असतात. दुकानात वातानुकूलन फार आहे.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

दाब घेत नाही. जो असेल तो असो.

आजची अखेरची वीस. वीसच्या वीस बरोबर.

१६ मार्च, रविवार

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर वन्सं आपल्या पद्धतीने सांगत सुटतील आणि तेच खरं ठरेल. सकाळपासून दोन शेजारणींना सांगून झालंय.

हॉल भरला होता. तीनशे खुर्च्या, शिवाय मागे उभे. पत्रांच्या खिडकीवर बसायच्या त्या बाई, तार खात्याचे जुने लोक, त्यांची मुलं, मुलांची मुलं. वन्सं पहिल्या रांगेत, चांगला कान व्यासपीठाकडे करून, मांडीवर माझी पर्स.

निवेदकाने 'हुबेहूब' म्हणून माझी ओळख करून दिली. मी माइकपाशी जाऊन म्हटलं की पट्टी खाली आहे, आवाज म्हातारा आहे, आणि इतकी वर्षं या गाण्यात मी एके ठिकाणी चुकत होते, ती चूक आज दुरुस्त करून म्हणणार आहे. लोकांनी टाळ्या दिल्या. कसली चूक ते कुणाला कळलं नसावं.

चष्मिसने सुरुवात केली. आवाज लागला. पहिल्या कडव्याला सगळे शांत होते, पण पूर्वीसारखे नाही. पूर्वी डोळे मिटलेले असायचे. काल सगळे माझ्याकडे बघत होते. मला एरवी संकोच झाला असता. वाटलं, बघू द्या, ही घोंगडीच आहे आता, ऊब तर आहे.

मग दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं आणि लोक बरोबर म्हणू लागले. दार उघडं, खिडकी उघडी. तीनशे जण. वाट झाडून ठेवली. मी मनात ठोके मोजत होते. पायरीवर ऊन आलं...

आणि मी न थांबता, अगदी बाईंसारखी, 'तू' म्हटलं.

एकटीनेच.

सगळा हॉल थांबला होता. एका श्वासाएवढा. खडखडभाऊजींच्या काड्या हवेत होत्या. चष्मिसला मी दहा वेळा बजावलं होतं, तरी तिचीही बोटं वर होती. ज्यांना मूळ गाणं पाठ आहे ते थांबले, आणि ज्या पोरांनी ते आईबापांकडून ऐकलं असेल तीही थांबली. एवढ्या शांततेत माझा एकटीचा 'तू' छताला लागून खाली आला.

बाईंच्या मात्रेने मी बरोबर होते, आणि त्या हॉलमध्ये चुकलेली मी एकटीच होते.

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, मीही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते टिपायला मी माइकपासून बाजूला झाले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वन्सं बोलल्या. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात, माइकची गरज नसते.

"झाली ना दुरुस्ती? आता नीट म्हण."

मी चष्मिसकडे पाहिलं. तिने ध्रुवपद पुन्हा धरलं. दार, खिडकी, वाट. पायरीवर ऊन आलं. आणि या वेळी मी थांबले. मोजलं नाही. थांबताना मान आपोआप डावीकडे वळली, जिथे पंखा आहे तिथे. बावीस वर्षांत मी त्या वेळी तिकडे कधी पाहिलं नव्हतं, हे मला तिथे उभी असताना जाणवलं. माझं लक्ष समोर असायचं. पंख्याचा फुस्स फुस्स आवाज येत होता.

मग 'तू' म्हटलं. सगळ्यांनी मिळून म्हटलं, पण आधी मी.

संपल्यावर खिडकीवरच्या बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, मूळ गाणं मी कधी ऐकलेलंच नाही ग, मला हेच मूळ वाटायचं. तार खात्याच्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची बायको भांडण मिटवायचं असलं की त्या थांब्यापर्यंत म्हणायची आणि पुढचं यांनी म्हणायचं. खडखडभाऊजींनी खिशातून मागच्या दाराची नवी किल्ली काढून दिली. ही लागते. आत्ताच पाहिलं.

चष्मिस शेवटी एकटी असताना म्हणाली, काकू, तो घोगरा माणूस आठवतो? त्यालाही आपलं गाणं पाठवू या का? मी म्हटलं, पाठव. आणि त्याला म्हणावं, सूर लागत नाही, पण झाडू छान धरतोस.

आज सकाळी वन्सं उठायच्या आधी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले. अकॉर्डियन पलंगाखाली परत ठेवलेली नाही, खिडकीपाशी ठेवली आहे. फोनवर बाईंचं मूळ गाणं लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिकण्यासाठी नाही, तपासण्यासाठी नाही, नुसतं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. बटण फिरवायला कुणी उठलं नाही.

छान गातात बाई. थोडी घाई करतात, एवढंच.